गोष्टीत मत येऊ द्या, पण पात्राच्या अंगाने

कथेत राजकारण नको, हे मला मुळीच पटत नाही. घर कुणाच्या नावावर आहे, रात्रपाळीला कोण जातं, एवढं लिहिलं तरी राजकारण आलंच. खरी अडचण होते ती लेखक पात्राच्या तोंडून बोलायला लागतो तेव्हा. ते कसं ओळखायचं?

पहिला खर्डा मी मनात येईल तसा लिहिते, अगदी रागसुद्धा आवरत नाही. आठवड्याने तो मोठ्याने वाचते. वाचताना माझा आवाज जिथे चढतो, तिथे हमखास मीच बोलत असते. त्या ओळीखाली लाल रेघ मारते.

संपावरच्या माझ्या कथेत वामन म्हणायचा, 'संप हा कामगाराचा हक्क आहे!' मला ते आजही शंभर टक्के मान्य आहे, पण त्या वाक्यात वामन कुठेच नव्हता. मी ते खोडलं. आता मुलीच्या फीची चिठ्ठी तो दोनदा वाचतो आणि घडी करून खिशात ठेवतो. 'उद्या तरी कामावर जाणार ना?' बायको विचारते. तो उत्तर देत नाही. सकाळी गेटाबाहेर पहिल्या रांगेत उभा असतो.

मग विरोधी बाजूचं पात्र घ्या. हे काम फार जड जातं, तरी टाळू नका. संप मोडणारा मधू मी आधी नुसता लाचार रंगवला होता. नंतर त्याला बोलू दिलं: 'वामन, तुझी पोर वर्षभर थांबेल. माझ्या आईचं औषध थांबत नाही.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तेव्हा कुठे मधू उभा राहिला.

लांब भाषणाचा मोह झालाच, तर अमेरिकन लेखक अप्टन सिंक्लेअर यांची १९०६ सालची 'द जंगल' ही कादंबरी आठवा. मांस कारखान्यातल्या कामगारांचे हाल दाखवून वाचकांना समाजवादाकडे वळवायचं, हा त्यांचा हेतू. शेवटी त्यासाठी भाषणंही आहेत. वाचक हादरले ते मात्र घाणेरड्या मांसाच्या वर्णनाने, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मांस तपासणीचा कायदा झाला. म्हणून तुम्हाला जे सर्वांत कळकळीने सांगायचंय, ते डोळ्यांसमोर उभं राहील अशा प्रसंगातच ठेवा.

शेवटचा परिच्छेद झाकून कथा एकदा वाचा. माझ्या कथेत तिथे संपाचा निवाडा होता. तो काढून टाकला. आता मधू डबा काखेत धरून गेटातून आत जातो, आणि वामन त्याला अडवत नाही.