ताट मी वाढणार

माझ्या लेकीला पंधराव्या वर्षी अ‍ॅनोरेक्सिया झाला. म्हणजे वजन वाढायच्या भीतीनं खाणं तोडत नेणारा आजार. सुरुवात संकष्टीपासून झाली. मग गुरुवार धरला, मग एकादशी. उपवासाला घरात कोण नको म्हणणार? पाळी थांबली तेव्हा आमचे डोळे उघडले.

आधी डॉक्टर गाठा. नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट तपासून घ्या. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घातलं, तर फॉस्फेट झपाट्यानं उतरून जिवावर बेतू शकतं. म्हणून खाणं किती नि कसं वाढवायचं, ते डॉक्टरांना ठरवू द्या. चक्कर येऊन पडत असेल तर थेट दवाखान्यात न्या.

आमच्या समुपदेशक ताईंनी कुटुंबाला सोबत घेऊन करायचा उपचार निवडला. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात तो आकाराला आला. त्यात आईबापांना दोष देत नाहीत, कामाला लावतात. दुसऱ्या भेटीला ताईंनी घरचा डबा घेऊन बोलावलं. लेक चिडेल म्हणून मी वरणभातावर तूप नावालाच घातलं होतं. ताईंनी विचारलं, "तूप किती घालायचं हे कोण ठरवतंय, तुम्ही की तिचा आजार?"

त्या दिवसापासून ताट मी वाढायला लागले. तीन जेवणं, दोन-तीन वेळा मधलं खाणं, वेळा ठरलेल्या. ती वाढून घ्यायला ओट्याशी यायची नाही. कॅलरींवर वाद घालायचा नाही, ओरडायचं नाही, लाचही द्यायची नाही. "हे तुझं औषध आहे, मी इथंच बसलेय," एवढंच म्हणायचं, आणि ताट संपेपर्यंत खरंच बसायचं. एकदा दीड तास बसले. जेवणानंतर तासभर पत्ते खेळायचो, म्हणजे ती उलटी काढायला जायची नाही. नवराबायकोचे मतभेद तिच्यासमोर नकोत. आजार तेवढीच फट शोधतो. आणि पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा: "बारीक झालीस" नको, "छान भरलीस" तर मुळीच नको.

वजन सावरलं की ताबा हळूहळू परत द्या. आम्ही चारच्या खाण्यापासून सुरुवात केली.

शरीराबद्दलची नावड मात्र वजनामागून, फार सावकाश जाते. ती दिवसभर बोटांनी मनगट मोजायची. किती वेळा, ते ताईंनी वहीत लिहायला सांगितलं. आकडा बघून तीच रडली. मग एकेक वेळ कमी करत गेली. जुन्या जीन्स मी तिला विचारून देऊन टाकल्या.

जवळ कोणी तज्ज्ञ नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.