फुकट लॅपटॉपची लिंक आली तर

‘विद्यार्थ्यांना सरकारतर्फे मोफत लॅपटॉप, आजच नोंदणी करा.’ असा मेसेज बहुतेकदा आपल्याच मावशीकडून येतो, म्हणून खरा वाटतो. मावशीचा दोष नाही; ‘बारा जणांना पाठवा, मगच अर्ज पूर्ण होईल’ असं त्या पानावरच लिहिलेलं असतं.

लिंक दाबायच्या आधी पत्ता वाचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांपासून पुढच्या तिरप्या रेघेपर्यंतचा तुकडा घ्या आणि तो उजवीकडून वाचा. ‘लॅपटॉप डॉट गव्ह डॉट इन डॉट भेट डॉट एक्सवायझेड’ हा पत्ता सरकारी नाही, तो ‘भेट डॉट एक्सवायझेड’वाल्याचा आहे. केंद्र-राज्य सरकारचे पत्ते सहसा ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’वर संपतात. पत्त्याशेजारचं कुलूप पाहून भुलू नका. मधली माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तर ती सुरक्षितपणे चोराकडे पोचते. आणि खालच्या ‘मला मिळाला!’ या प्रतिक्रिया पानातच छापलेल्या असतात.

खरी मेख ‘फक्त ४९ रुपये डिलिव्हरी’त असते. ४९ रुपयांच्या आडून कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त आकडा) आणि ओटीपी जातो, किंवा दर महिन्याला पैसे कापायची ऑटोपे मंजुरी घेतली जाते. मंजुरी देऊन बसला असाल तर यूपीआय ॲपच्या ऑटोपे यादीत जाऊन ती रद्द करा. यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

अर्जासाठी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, पाठवली तर प्रकरण जास्त गंभीर. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, म्हणजे ओटीपी परस्पर बाहेर जातात. टाकली असेलच तर आधी डेटा आणि वायफाय बंद करा, मग ॲप काढा. ‘अनइन्स्टॉल’ दाबता येत नसेल तर सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून तिथला त्याचा हक्क आधी काढावा लागतो. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते. यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. नंतर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन आला, तर तोही त्याच धंद्यातला.