विषशास्त्रात पीएचडी करताय? आधी जीएपीडीएच तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं एमएस्सीनंतर विषशास्त्राकडे वळताना नेट-जेआरएफची, धारवाड बरं की कोल्हापूर याची चौकशी व्यवस्थित करतात. विषयही घराजवळच असतो: तंबाखूची ओली पानं हाताळणाऱ्यांच्या कातडीतून निकोटिन अंगात जातं, उसातल्या वाळवीवर क्लोरपायरीफॉस पडतं. घात होतो तो क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे एखादं जनुक किती चालू आहे हे मोजणाऱ्या चाचणीत.

विष दिलेल्या पेशींसाठी जीएपीडीएच हे संदर्भ-जनुक (बदलत नाही असं धरून ज्याच्या तुलनेत बाकीची जनुकं मोजतात ते) म्हणून डोळे झाकून घेऊ नका. ते ग्लायकोलिसिसमधल्या, म्हणजे पेशीत साखर फोडण्याच्या प्रक्रियेतल्या, एन्झाइमचं जनुक आहे. ऑक्सिडेटिव्ह ताण आला की त्याची पातळी हलू शकते, आणि बरीच विषं नेमका तोच ताण आणतात. सीटी म्हणजे कितव्या सायकलला जनुक दिसू लागलं तो आकडा; तो एकाने कमी म्हणजे जनुक दुप्पट. समजा, कंट्रोलमध्ये (विष न दिलेल्या पेशींत) जीएपीडीएचचा सीटी 18 आणि तुमच्या जनुकाचा 25, फरक 7. डोसनंतर तुमचं जनुक 25 वरच आहे, पण जीएपीडीएच 17 वर आलं, फरक 8. गणित म्हणतं जनुक निम्म्यावर आलं. प्रत्यक्षात ते जागचं हललेलं नाही! दोन सायकल सरकलं तर चूक चौपट. रिप्लिकेट, म्हणजे तेच मोजमाप पुन्हापुन्हा, वाढवून ही चूक जात नाही, उलट एरर बार लहान होतात आणि खोटा निकाल जास्तच खरा वाटतो.

म्हणून आधी प्रत्येक डोसचे आणि प्रत्येक वेळेचे नमुने घ्या. आरएनएच्या शुद्धतेचा 260/280 हा आकडा दोनच्या आसपास हवा, डीएनए काढून टाकणारं डीएनेज टाळू नका, सीडीएनएला (आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीला) सगळीकडे सारखाच आरएनए घाला, उदाहरणार्थ 1 मायक्रोग्रॅम. त्यावर बीटा-अ‍ॅक्टिन, बी2एम, एचपीआरटी1, आरपीएलपी0, 18एस असे पाच-सहा उमेदवार चालवा. 18एस घेणार असाल तर सीडीएनए बनवताना रँडम हेक्सामर प्रायमर वापरा. त्याला पॉली-ए शेपूट नाही, त्या शेपटीला चिकटणारा ओलिगो-डीटी प्रायमर धरणार कुठे? जीनॉर्म या सॉफ्टवेअरमध्ये एम (जनुक किती अस्थिर याचा आकडा) 0.5 च्या खाली येणारी दोन-तीन जनुकं निवडा, त्यांचा जिओमेट्रिक मीन घ्या. प्रायमरची एफिशियन्सी 90 ते 110 टक्के हवी.

बाहेरून क्यूपीसीआर करून घेण्याचा शॉर्टकट मला पटत नाही. घेतलाच तर फोल्ड-चेंजच्या (किती पट बदल झाला याच्या) तक्त्यावर समाधान मानू नका, कच्चे सीटी मागा. ‘सगळे जीएपीडीएचच वापरतात’ म्हणणारा मोठ्या नावाचा गाईड नको. कच्च्या फाइली उघडून बघणारा साधा गाईड शंभरपट बरा. प्रवेशाआधी तिथल्या सीनियरना एकटं गाठून हे विचाराच.

काम आधीच जीएपीडीएचवर झालं असेल तर घाबरू नका. उणे 80 अंश सेल्सिअसला आरएनए शाबूत असेल तर त्याच नमुन्यांवर नवे संदर्भ चालवता येतात. पेशी पुन्हा वाढवाव्या लागत नाहीत.