आरएफआयडी चिप आणि खासगीपणा : काय तपासावे, कोणाला विचारावे

गाडीच्या काचेवरचा फास्टॅग, बँकेचे टॅप करून चालणारे कार्ड, मेट्रोचे महाकार्ड, कार्यालयाचे हजेरी कार्ड आणि मुलांच्या शाळेचे ओळखपत्र, एवढ्या आरएफआयडी चिप, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या चिप, नागपुरातल्या एखाद्या नोकरदार कुटुंबाकडे सहज निघतात. अशा प्रत्येक चिपबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: ती आपल्या नकळत किती अंतरावरून वाचता येते, आणि वाचल्यावर झालेली नोंद कोणाकडे व किती काळ राहते. धास्ती बहुधा पहिल्या प्रश्नाची घेतली जाते आणि ‘आरएफआयडी ब्लॉकिंग’ असे छापलेली, चिप वाचू न देणारी पाकिटे त्याच धास्तीवर खपतात. माझ्या मते खरी काळजी दुसऱ्या प्रश्नाची करावी, आणि त्यावर कोणतेही पाकीट उपयोगी पडत नाही.

यांपैकी बहुतेक चिपना बॅटरी नसते. रीडरच्या, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राच्या, रेडिओ लहरींतूनच त्यांना क्षणभर वीज मिळते आणि तेवढ्या वेळात त्या आपला क्रमांक कळवतात. आपण कोठे आहोत हे चिपला स्वतःला ठाऊक नसते. रीडर जेथे बसवला आहे तेथे अमुक वेळेला ती आली होती, एवढेच रीडरच्या मालकाला कळते. मात्र रीडर वाढत गेले आणि सगळ्या नोंदी एकाच नावाखाली जमा झाल्या, की तेवढ्यावरूनही माणसाची दिनचर्या मांडता येते.

सुरुवात चिप ओळखण्यापासून करावी. कार्डामागे मोबाईलचा टॉर्च धरला, तर पातळ कार्डात कडेने फिरणारे तारेचे वेटोळे दिसते. लांबट, पसरट आणि नागमोडी पट्टी दिसली, तर ती चिप लांबून वाचली जाणारी समजावी. मोबाईलमध्ये एनएफसी (जवळ टेकवलेली चिप वाचण्याची सोय) असल्यास ते सुरू करून कार्ड फोनच्या पाठीला टेकवावे. फोनने प्रतिसाद दिला, तर ती १३.५६ मेगाहर्ट्झची चिप आहे. बँकेची कार्डे याच प्रकारची असतात आणि ती काही सेंटिमीटरवरूनच वाचता येतात. वेटोळे दिसूनही फोन गप्प राहिला, तर ते बहुधा १२५ किलोहर्ट्झचे जुने हजेरी कार्ड असते. फास्टॅग आणि कपड्यांच्या दुकानांतले टॅग ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात व कित्येक मीटरवरून वाचले जातात.

जुन्या हजेरी कार्डांपैकी अनेक कार्डे एक ठरलेला क्रमांक कोणत्याही सांकेतिक कुलपाविना सांगून टाकतात, त्यामुळे त्यांची नक्कल करणे अवघड नसते. मायफेअर क्लासिक या लोकप्रिय कार्डाची सांकेतिक पद्धतही २००८ साली संशोधकांनी फोडली. असे कार्ड गळ्यात उघडे मिरवत बाजारात फिरू नये आणि हरवल्यास त्याच दिवशी बंद करून घ्यावे, कारण त्या कार्डाने उघडलेल्या दाराची नोंद आपल्या नावावर पडते.

बँकेच्या कार्डाची भीती त्या मानाने कमी आहे. प्रत्येक व्यवहाराला चिप नवा सांकेतिक शब्द तयार करते, त्यामुळे चोरून वाचलेली माहिती दुसऱ्या यंत्रावर तशीच वापरता येत नाही. पिनशिवाय टॅप करण्याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये केली आहे; ती जास्त वाटत असल्यास बँकेच्या ॲपमधून कमी करावी किंवा टॅपची सोयच बंद ठेवावी. ई-पासपोर्टच्या बाबतीतही घाबरण्याचे कारण नाही. मुखपृष्ठावर सोनेरी चिन्ह असलेल्या या पासपोर्टची चिप वाचण्यासाठी आतल्या पानावर छापलेली माहिती आधी यंत्राला द्यावी लागते. म्हणून हॉटेलात किंवा ट्रॅव्हल एजंटाकडे त्या पानाची छायाप्रत देताना अधिक जपावे.

फास्टॅगकडे मात्र नीट लक्ष द्यावे. बोरखेडीच्या नाक्यावरून गाडी गेली की नाका, वेळ आणि रक्कम यांची नोंद होते व ती टॅग देणाऱ्या बँकेच्या खात्यात दिसते. समृद्धी महामार्गावर पथकर अंतरानुसार आकारला जात असल्याने नागपूरजवळ शिवमडक्याला चढलेली गाडी कोठे आणि केव्हा उतरली, ही दोन्ही टोके एकत्र नोंदली जातात. हा टॅग फॉइलने झाकण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याने फक्त जादा पथकर भरावा लागेल. फास्टॅगवर स्मार्ट घड्याळ फिरवून पैसे चोरल्याचा जो व्हिडिओ २०२२ मध्ये पसरला होता, तोही खोटा होता, कारण या व्यवस्थेत पैसे केवळ नोंदणीकृत व्यापाऱ्याकडेच जाऊ शकतात.

माहिती बाहेर जाते ती साध्या वाटेने. टॅगला जोडलेला मोबाईल क्रमांक कोणाचा आहे, हे आधी पाहावे. गाडी घेताना विक्रेत्याने स्वतःचा क्रमांक टाकलेला असतो, कधी तो जुन्या ड्रायव्हरचा असतो, आणि मग आपण अमरावतीला निघाल्याचा संदेश भलत्याच माणसाला जातो. (घरातल्या घरातही हा प्रश्न येतो: गाडी मुलीची आणि संदेश वडिलांना, ही व्यवस्था तिला विचारून केलेली असावी.) बँकेच्या संकेतस्थळावरचा पासवर्ड बदलावा आणि गाडी विकताना टॅग काढून टाकण्याबरोबरच बँकेकडून तो बंद करून घ्यावा, नुसता फाडलेला टॅग खाते बंद करत नाही.

फ्लॅट स्कीमच्या फाटकावर टॅग वाचून अडसर उचलणारे यंत्र बसवले असेल, तर सोसायटीच्या सभेत तीन गोष्टी ठरावात घालून घ्याव्यात: नोंदी कोण पाहू शकतो, त्या किती दिवसांनी पुसल्या जातात, आणि यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडे त्यांची प्रत जाते का. कोण किती वाजता घरी आला ही माहिती सुरक्षारक्षकाच्या टेबलावर उघडी पडलेली असणे, हा कोणत्याही चोरट्या रीडरपेक्षा मोठा धोका आहे.

शाळेच्या ओळखपत्राबाबतही हेच विचारावे, आणि चिपमध्ये वा कार्डावर मुलाचा पत्ता व पालकाचा मोबाईल क्रमांक आहे का, हेही पाहावे. चिपमध्ये केवळ क्रमांक असावा, बाकी तपशील शाळेच्या संगणकात राहावा.

दुकानातून आणलेल्या कपड्यांचा टॅग घरी येताच कापून टाकावा, याहून अधिक काही करण्याची गरज नाही. सामानात लपवलेला ब्लूटूथ ट्रॅकर ही निराळी वस्तू आहे. त्यात बॅटरी असते आणि तो खरोखर माग काढतो. अनोळखी ट्रॅकरची सूचना देणारी सोय आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत आहे, ती सुरू ठेवावी.

शेवटी, आपल्या नोंदी मागण्याच्या अर्जाविषयी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. आपल्या नागपूरचे शरद बोबडे त्या पीठावर होते. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. आपली कोणती माहिती साठवली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे, तसेच १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण संस्थांवरची बहुतेक बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर कलमांचा धाक घालण्याऐवजी साध्या मराठीत एक पानाचा अर्ज द्यावा: कार्ड क्रमांक, गेल्या तीन महिन्यांच्या नोंदींची मागणी, त्या पाहणाऱ्यांची पदे, नोंदी ठेवण्याची मुदत आणि बाहेरच्या कंपनीचे नाव. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि उत्तर लेखीच मागावे.