ब्रिटनमधल्या इमिग्रेशन कोठडीतून जामीन मिळवताना

मी लंडनला मराठी-हिंदी दुभाषी आहे. व्हिसा संपलेला आपला एखादा मुलगा हीथ्रोजवळच्या हार्मंड्सवर्थ केंद्रात अडकला की घरचे सैरभैर होतात. आधी वकील गाठा. केंद्रातच अर्धा तास मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. आत गेल्या गेल्या नाव नोंदवायला सांगा.

जामिनाचा अर्ज बी१ फॉर्मवर, फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाकडे. फी नाही. खरी मेहनत पत्त्याची. तो कुठे राहणार, हे न्यायाधीशांना पटलं पाहिजे, म्हणून घरमालकाचं संमतिपत्र आणि भाडेकरार जोडा. जामीनदार असेल तर त्याने पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट घेऊन स्वतः सुनावणीला हजर राहावं. त्याने कबूल केलेले पैसे आधी भरायचे नसतात. अटी मोडल्या तरच द्यावे लागतात. मावशी, काका, कुणीही चालेल, पण मुलाशी नेमका संपर्क कसा आहे ते सांगता आलं पाहिजे.

जामिनावर गृहखात्याचं लेखी म्हणणं सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी २ पर्यंत यायला हवं. ते ओळ न् ओळ वाचा. चुकीची तारीख दिसली तर वकिलाला लगेच कळवा.

परत पाठवण्याचा आदेश निघाला असेल आणि पाठवण्याची तारीख जामिनाच्या निर्णयापासून १४ दिवसांच्या आतली असेल, तर गृहखात्याच्या संमतीशिवाय ट्रायब्युनलचा जामीन अमलात येत नाही. मग हायकोर्ट. कोठडीलाच आव्हान देऊन तिथे अंतरिम सुटका मागता येते. १९८३ च्या हरदियाल सिंग निकालाचा आधार घ्या: परत पाठवायला जेवढा वाजवी वेळ लागेल तेवढीच कोठडी. ट्रायब्युनलने जामिनाचा अर्ज फेटाळला, तर परिस्थिती बदलल्याशिवाय २८ दिवस नव्याने सुनावणी मिळत नाही, म्हणून अर्धवट कागदांवर घाई करू नका.