दहा गाड्यांना ड्रायव्हर किती ठेवायचे?

दहा गाड्या म्हणजे दहा ड्रायव्हर, असा हिशोब बरेच ट्रकमालक करतात आणि मग गणपतीत चार गाड्या यार्डात उभ्या. नीट मांडा, गाडी महिन्यात ३० दिवस पळवायची आणि माणूस २६ दिवस काम करणार, म्हणजे १२ तर इथेच झाले, त्यात आजारपण, लग्नकार्य, पेरणीला गावी जाणं धरलं की १३ पाहिजेत. शिवाय कामाच्या तासांना मर्यादा आहे, १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास अन् आठवड्याला ४८ होते, २०२५ मध्ये त्याजागी नवी कामगार संहिता आली तरी दिवसाचे ८ तास कायम आहेत, त्यामुळे लांबच्या फेरीला दोघं लागतातच.

आता नवीन माणूस कुठून आणायचा? माझं मत, दुसऱ्याचा फोडण्यापेक्षा आपलाच क्लीनर तयार करा. पण जड गाडीचं लायसन लगेच निघत नाही हां, वय २० पूर्ण हवं आणि हलक्या गाडीचं लायसन एक वर्ष जुनं हवं, म्हणून पोरगा कामाला लागला की पहिल्या महिन्यातच ते काढायला लावा, फी तुम्ही भरा. मधल्या काळात, वय २० पूर्ण असेल तर, त्याला मालासकट एकूण वजन ७५०० किलोच्या आत असलेला छोटा टेम्पो हलक्या गाडीच्या लायसनवर देता येतो, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये हे स्पष्ट केलंय.

केमिकलचा टँकर असेल तर तीन दिवसांचं वेगळं ट्रेनिंग आणि लायसनवर तशी नोंद लागते. सगळ्यांच्या लायसनच्या तारखा एका वहीत लिहा, ट्रान्सपोर्टचं पाच वर्षांनी (धोकादायक केमिकलवाल्याचं तीन वर्षांनी) संपतं आणि नेमकं भाडं लागलेलं असतानाच आठवतं.