लाइव्हसाठी कॉम्प्युटर घेताय? या चुका टाळा

सप्ताह असो, लग्न असो नाहीतर कुस्त्यांचा फड, आता गावोगावी लाइव्ह लागतंच, आणि बीड-परभणीकडची पोरं त्यासाठी कॉम्प्युटर घ्यायला जातात अन् दुकानात फक्त "आय सेव्हन आहे का" एवढंच विचारतात. फसगत इथंच होते. जुना आय सेव्हन प्रोसेसर नव्या आय थ्रीच्या मागं पडू शकतो. आधी हे विचारा भाऊ, की व्हिडिओ एन्कोड, म्हणजे नेटवरून पाठवण्यासाठी दाबून लहान, कोण करणार?

सगळं एन्कोडिंग प्रोसेसरवर टाकलं तर तो दमतो. म्हणून एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डात एनव्हीएन्क अन् इंटेलमध्ये क्विक सिंक असतं, त्याच कामासाठी वेगळं बसवलेलं. पण सगळ्यात नसतं बरं का. जीटी १०३० स्वस्तात मिळतं, त्यात एनव्हीएन्क नाहीच, जीटीएक्स १६५० मध्ये आहे. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल, जसं आय फाइव्ह १२४००एफ, तर आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकपण नाही. जीटी १०३० अन् १२४००एफ अशी जोडी घेतली तर पैसे जाऊनही एन्कोडिंग प्रोसेसरच्याच गळ्यात.

रॅम १६ जीबी घ्या, ८ च्या दोन पट्ट्या.

पातळ लॅपटॉप दुकानातल्या एसीत मस्त चालतो, पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तासाभरात तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, आणि कीर्तन रंगात आलेलं असताना पिक्चर अडकायला लागतं. चार्जर काढला तरी स्पीड उतरते. म्हणून कार्यक्रमाच्या आधी घरीच दोन-तीन तास प्रायव्हेट लाइव्ह चालवून बघा.

आता अडकतंय तर नेमकं कुठं? ओबीएसमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवरून लाइव्ह करता त्यात, स्टॅट्स उघडा. नेटवर्कमुळं फ्रेम ड्रॉप होत असतील, म्हणजे चित्रं मधेच गळत असतील, तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका, बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) कमी करा, ७२०पी क्वालिटीवर या, वायफाय सोडून वायर लावा. एन्कोडिंग लॅग दिसला तर एन्कोडर बदला नाहीतर त्याचा प्रीसेट (तयार सेटिंग) हलका करा. रेंडरिंग लॅग असेल तर ग्राफिक्सवर लोड जास्त झालाय, सीनमधले ब्राउझर सोर्स (स्क्रीनवर लावलेली वेबपानं) अन् ॲनिमेशन काढून टाका.

कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरमध्ये आणणारं एचडीएमआय कॅप्चर कार्ड घेताना यूएसबी ३ चंच घ्या आणि ३ च्याच पोर्टला लावा, २ वर जागा कमी पडते म्हणून पिक्चर दाबून पाठवावं लागतं. आणि यूपीएस घेताना राउटरपण त्यावरच जोडा, लाइट गेल्यावर नुसता कॉम्प्युटर चालू राहून काय उपयोग.